धामणघाटचे नऊ डबे

“साहेब, डबे चालले,” स्टेशनचा पॉइंट्समन सुकरू मडावी दारात उभा राहून म्हणाला.

“कुठे चालले?”

“खाली.”

मी मान वर केली नाही. सुरक्षा सप्ताहाचा अहवाल लिहीत होतो आणि ‘या सप्ताहात स्थानकावर कोणतीही असुरक्षित घटना घडली नाही’ या वाक्यातला शेवटचा शब्द राहिला होता. तो लिहिला, पूर्णविराम दिला आणि मग खिडकीतून पाहिलं. मॅंगनीजनं गच्च भरलेले नऊ डबे इंजिनाशिवाय, गार्डाशिवाय, वरातीतल्या हत्तीसारखे झुलत स्टेशनाबाहेर निघाले होते.

धामणघाट हे टेकडीवरचं स्टेशन. वर खाण, खाली चौदा किलोमीटरवर पिपरखेडी गाव, आणि मधे एकसलग उतार. इंजिन उरलेले डबे आणायला खाणीत गेलं होतं. जाताना या नऊ डब्यांचे हातब्रेक आवळायचे आणि चाकांखाली लाकडी पाचरी ठोकायच्या, असा नियम होता.

“पाचरी लावल्या नव्हत्या का?” मी ओरडलो.

“पाचरी कुठं हायेत साहेब? थंडीत जाळल्या ना. नुसते ब्रेक आवळले होते.”

“कोणी जाळल्या?”

सुकरूनं माझ्या खुर्चीकडे पाहिलं. जानेवारीत त्या शेकोटीला माझीच खुर्ची सगळ्यात जवळ असायची.

ही चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी, बोरकुटे, तेव्हा धामणघाटला सहायक स्टेशन मास्तर होतो. मोठे मास्तर सुरक्षा सप्ताहाच्या बक्षीस समारंभाला डिव्हिजनला गेले होते, त्यामुळे त्या दुपारी स्टेशन माझ्या ताब्यात होतं. मी कंट्रोलचा फोन उचलला.

“कंट्रोल, धामणघाट बोलतोय. नऊ डबे इंजिनाशिवाय पिपरखेडीकडे सुटलेत.”

“लोड नंबर?”

“साहेब, गाडी नाही. नुसते डबे आहेत.”

“नंबर नसेल तर मी चार्टवर काय काढू?”

“काहीही काढा. पळतायत ते.”

“कोणाच्या परवानगीने?”

फोनमध्ये कागद चाळल्याचा आवाज आला. मग कंट्रोलर सावध आवाजात म्हणाला, “ऐका बोरकुटे. समोरून कोणतीही गाडी नाही, तेवढं चांगलं आहे. पिपरखेडीच्या मास्तरांना सांगून मेन लाइन मोकळी करून घ्या. आणि बाहेर कोणाला एक अक्षर सांगायचं नाही. पोलीस नाही, नगरपालिका नाही, पेपरवाले तर नाहीच नाही. बाहेर काय कळवायचं ते सक्षम अधिकारी कळवतील.”

“सक्षम अधिकारी कुठे आहेत?”

“समारंभात. भाषण चालू आहे. चिठ्ठी पाठवतो.”

मी पिपरखेडीला फोन लावला. तिथले मास्तर शांत माणूस. म्हणाले, “मेन लाइन देतो. माझ्या फलाटाला धक्का लागणार नाही, निघून जातील पुढं. पुढं चढ आहे, थांबतील आपोआप.”

“आणि फाटक?”

“फाटकाचा फोन दोन महिन्यांपासून बंद आहे. मी तीन पत्रं टाकलीत.”

“मग माणूस पाठवा.”

“माणूस बॅनर बांधायला गेलाय. आणि बोरकुटे, ते फाटक माझ्या होम सिग्नलच्या बाहेर येतं. माझी हद्द सिग्नलपर्यंत.”

मी फोन ठेवला तेव्हा बुकिंग क्लार्क शेवंता रंगारी माझ्या टेबलासमोर उभी होती. बाई तिकीट खिडकी बंद करून आली होती. धामणघाटला दिवसाला वीस तिकिटं खपत, तरी ती खिडकी दुपारच्या वेळी बंद झालेली मी कधी पाहिली नव्हती.

“साहेब, आज गुरुवार आहे,” ती म्हणाली.

“मग?”

“पिपरखेडीचा बाजार आहे ना जी.”

मला ते माहीत होतं. पिपरखेडीचा बाजार फाटकापासून सुरू होई आणि रुळांच्या दोन्ही अंगांनी पसरे. दोन्ही अंगं भरली की लोक मधेही बसत. रुळांच्या मधली जागा सपाट, म्हणून ती भांडीवाल्यांची. त्या लाइनवर दिवसाला दोन गाड्या, आणि बाजाराला दोन्हींच्या वेळा पाठ. गाडीच्या आधी पाच मिनिटं लोक बोचकी उचलत, गाडी गेली की पुन्हा मांडत. वर्षानुवर्षं कोणाच्या केसाला धक्का लागला नव्हता. पण वेळापत्रकात नसलेल्या गाडीसाठी तिथलं कोणी उठणार नव्हतं.

“कंट्रोलला कळवलंय,” मी म्हणालो.

“कंट्रोल बाजाराला कळवेल का?”

“कंट्रोल साहेबांना कळवेल. साहेब कलेक्टर ऑफिसला कळवतील. ते तहसीलला, तहसील नगरपालिकेला.”

“आणि डबे किती वेळात पोचतील?”

सुकरूनं दारातूनच सांगितलं, “पंधरा मिनिटं. सोळा म्हना.”

“साहेब, बुकिंग ऑफिसात बाहेरचा फोन आहे,” शेवंताबाई म्हणाली. “पिपरखेडीच्या फायर ब्रिगेडला लावते. बाजाराला लागूनच त्यांची शेड आहे. एका मिनिटाचं काम आहे.”

त्या फोनच्या तबकडीला कुलूप असे. लोक नातेवाइकांना फोन करतात म्हणून डिव्हिजननंच ते पाठवलं होतं, पितळेचं, इवलंसं. मोठे मास्तर नसले की त्याची किल्ली माझ्या जुडग्यात असायची आणि जुडगा माझ्या पॅंटच्या खिशात.

“किल्ली द्या साहेब.”

मी खिशात हात घातला. किल्ली हाताला लागली. कंट्रोलर म्हणाला होता, एक अक्षर सांगायचं नाही. माझी बढतीची फाइल तेव्हा डिव्हिजनला पोचलेली होती. बायको रोज विचारायची, आली का ऑर्डर.

“थांबा, मी कंट्रोलला पुन्हा विचारतो,” मी म्हणालो आणि रिकामा हात बाहेर काढला.

कंट्रोलला पुन्हा विचारलं. भाषण संपलं होतं, पण आता आभारप्रदर्शन सुरू होतं आणि चिठ्ठी व्यासपीठाच्या पायरीपर्यंत गेली होती.

“साहेब, माणसं मरतील,” शेवंताबाई म्हणाली.

“नियम मी केलेला नाही.”

“मी नियमाचं विचारतच नाहीये. किल्ली मागतेय.”

“बाई, तुम्ही बुकिंग क्लार्क आहात. गाड्या चालवणं तुमचं काम नाही.”

ती अजून क्षणभर उभी राहिली. मग वळली आणि बुकिंग ऑफिसात गेली. मीही मागोमाग गेलो, तिला अडवायला की पाहायला, ते आजही नक्की सांगता येत नाही. तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि कुलपाला हातही न लावता रिसीव्हर ठेवायची ती कळ बोटानं टकटक दाबायला लागली. एकदा. थांबली. मग भराभर दहा वेळा. थांबली. पुन्हा एकदा. एक, शून्य, एक. कुलूप तबकडीला होतं, कळीला नव्हतं. चार वर्षं तो फोन माझ्यासमोर होता, आणि ही युक्ती मला माहीत नव्हती.

पलीकडून आवाज इतका मोठा आला की मलाही ऐकू गेला.

“फायर ब्रिगेड. आग कुठं लागली?”

“आग नाही जी. धामणघाटहून रेल्वेचे डबे सुटलेत. तुमच्या बाजारात येतील.”

“कधी?”

“दहा मिनिटांत.”

“तुमी कोन?”

“रेल्वेची बुकिंग क्लार्क.”

“साहेबानं सांगतलं का फोन कराले?”

शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या भाडेपत्रकाकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

“मंग खरं असंन,” असं म्हणून त्यानं फोन आपटला.

त्या माणसाचं नाव झिंगरू निखाडे. पिपरखेडी नगरपालिकेच्या एकुलत्या एका बंबाचा तो ड्रायव्हर, आणि त्या दुपारी फायरमनही तोच, कारण दुसरा जेवायला गेला होता. पुढचं मी पाहिलं नाही. चौकशीत जे ऐकलं आणि नंतर गावात जे कळलं तेच सांगतो.

झिंगरूनं भोंगा वाजवत बंब थेट बाजारात घातला. भोंगा ऐकून लोक हटले नाहीत, उलट आग पाहायला जमा झाले. तो टपावर चढून ओरडला, “रुळावरून उठा, डबे येऊन राहिले!” कोणी हललं नाही. एका भांडीवाल्यानं घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, “गाडी पावणेपाचची हाय. आता दोन बी नाही वाजले.” बाजूचे हसले.

मग झिंगरूनं जास्त वाद न घालता पंप सुरू केला आणि नळी बाजारावर सोडली.

वांगी वाहून गेली. मिरच्या, हळद, गुळाच्या ढेपा, एका कटलरीवाल्याच्या सगळ्या बांगड्या आणि फण्या. भांडीवाला आपल्या पातेल्यांसकट नालीत जाऊन बसला. बायका झिंगरूच्या आईवरून शिव्या देत होत्या, पुरुष दगड शोधत होते. पण दगड शोधायला का होईना, सगळे रुळांवरून बाजूला झाले. सहा मिनिटांत अर्धा फर्लांग रूळ धुऊन स्वच्छ झाला.

फाटकाच्या अगदी पलीकडे मात्र नळीचं पाणी पोचत नव्हतं. तिथं सोनाबाई नेवारे नावाची म्हातारी तंबाखू आणि चुन्याच्या डब्या घेऊन बसायची. तिनं गडबड पाहिली, उठली, पण चुन्याच्या डब्या फडक्यात बांधायला पुन्हा वाकली. झिंगरूनं नळी टाकली आणि धावला. त्यानं तिला दंडाला धरून ओढलं तेव्हा डबे आले. सोनाबाई वाचली. तिचा डावा पाय घोट्यापासून राहिला नाही.

डबे बाजारातून गेले, स्टेशनातून गेले आणि पिपरखेडीच्या मास्तरांनी म्हटल्याप्रमाणे पुढच्या चढावर जाऊन थांबले. मास्तरांनी कंट्रोलला कळवलं, डबे थांबले. कंट्रोलनं डिव्हिजनला कळवलं. आभारप्रदर्शन संपलेलं होतं. सक्षम अधिकाऱ्यांनी मग पहिल्यांदा बाहेर फोन केला आणि कलेक्टर ऑफिसला सांगितलं की परिस्थिती संपूर्ण नियंत्रणात आहे. ते सांगत होते त्याच वेळी डबे चढावरून उलटे परत निघाले होते.

बाजारात लोक वांगी वेचायला पुन्हा रुळांवर उतरू पाहत होते. झिंगरूनं एकालाही उतरू दिलं नाही. सोनाबाईचा पाय आपल्या शर्टानं बांधून, तिला टांग्यात घालून दवाखान्यात पाठवून तो उघड्या अंगानं पुन्हा नळी धरून उभा होता. चौकशीत त्याला विचारलं, “डबे परत येतील हे तुला कोणी कळवलं?”

“कोनी नाही साहेब. बंडी चढावर सोडली का मागंच येते ना.”

डबे संथपणे परत आले आणि बाजाराच्या बरोबर मधोमध उभे राहिले. लोकांनी दगड त्यांना मारले.

चौकशी महिनाभरानं झाली. तीन अधिकारी आले. झिंगरूला नगरपालिकेनंही वेगळी नोटीस दिली होती, कारण त्यानं बंबाच्या नोंदवहीत ‘आगीचे ठिकाण’ या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं होतं.

“आग नव्हती तर पाणी कशावर मारलं?” एका अधिकाऱ्यानं विचारलं.

“मानसायवर.”

“कशासाठी?”

“हटत नव्हते.”

अधिकाऱ्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

शेवंताबाईवर तीन आरोप होते. कुलूपबंद सरकारी फोनचा गैरवापर, रेल्वेची अंतर्गत माहिती बाहेरच्या यंत्रणेला देणे, आणि जनतेत घबराट पसरवणे. पाचरी कोणी जाळल्या याचा आरोप कोणावरच नव्हता, कारण पाचरी स्टॉक रजिस्टरात शाबूत होत्या.

मला बोलावलं तेव्हा शेवंताबाई बाहेर बाकावर बसली होती. दार उघडंच होतं.

“फोनला कुलूप होतं?”

“होतं.”

“तुम्ही तिला किल्ली दिली?”

“नाही.”

मुख्य अधिकारी चष्मा काढून माझ्याकडे पाहत म्हणाले, “बोरकुटे, नीट आठवून सांगा. त्या गडबडीत तुम्ही तिला तोंडी परवानगी दिली असेल. ड्यूटीवरच्या मास्तरनं तोंडी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी होते. तिच्यावर काही राहत नाही. मग तुम्हाला विचारावं लागेल, एवढंच.”

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं दार उघडून धरलं होतं. एकदा ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “मी तिला स्पष्ट मनाई केली होती.”

आयुष्यात मी पुष्कळदा खोटं बोललो आहे, अहवालात तर रोज. त्या दिवशी नेमका खरं बोललो.

शेवंताबाईच्या वेतनवाढी रोखल्या आणि तिची बदली झाली, पावसाळ्यात जिथं जायला नाव लागते अशा ठिकाणी. झिंगरूला ताकीद मिळाली. अहवालात सोनाबाईबद्दल एक वाक्य होतं: ‘एक वृद्ध महिला अग्निशामक भोंग्यामुळे झालेल्या घबराटीत जखमी.’ त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मला पुढच्या सुरक्षा सप्ताहात प्रशस्तिपत्र मिळालं. आणीबाणीच्या प्रसंगी संपर्काची शिस्त पाळल्याबद्दल. बायकोनं ते हॉलमध्ये लावलं. बढतीची ऑर्डर त्याआधीच आली होती.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी नियम बदलला. दुसरीकडे कुठं तरी असेच डबे सुटले, तिथं फोन करणारं कोणी नव्हतं आणि माणसं पुष्कळ मेली. वरून हुकूम आला की इंजिनाशिवाय गाडी किंवा डबे सुटल्यास रेल्वेनं पोलीस, अग्निशामक दल आणि दवाखाना यांना तत्काळ कळवलंच पाहिजे. मी तेव्हा ट्रेनिंग सेंटरला शिकवत होतो, निवृत्तीला एक वर्ष होतं. आमच्या डिव्हिजनचं परिपत्रक लिहायला समिती नेमली आणि मला अनुभवी म्हणून तिच्यात घेतलं.

परिपत्रक तयार झालं तेव्हा मला शेवंताबाईची आठवण झाली. ती नोकरी लवकर सोडून पिपरखेडीलाच राहत होती. एका रविवारी परिपत्रकाची प्रत घेऊन मी तिच्या घरी गेलो. मनात होतं की हा कागद पाहून तिला बरं वाटेल. खरं म्हणजे, मला बरं वाटेल.

तिनं मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. केस पांढरे झाले होते. मी कागद तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, “बाई, तुम्ही केलं तेच आता नियम झालंय.”

तिनं लगेच घेतला नाही. म्हणाली, “सोनाबाई मागल्या वर्षी गेली. माझ्या इथूनच दोन घरं पलीकडे राहायची. कुबडी घेऊन बाजार करायची.”

“तुम्ही फोन केला म्हणून ती वाचली.”

“मी उशिरा केला,” ती म्हणाली. “कळीवर नंबर कसा मारायचा हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी तुम्हाला विचारत उभी राहिले. चार मिनिटं. झिंगरूला ती चार मिनिटं मिळाली असती तर नळी फाटकापलीकडे नेता आली असती. चौकशीत मला वाटलं, आता विचारतील, एवढा वेळ का लावलास. ते कोणी विचारलंच नाही.”

मी पुन्हा कागद पुढे केला. मग तिनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, बोट ठेवून, तिकिटांचा हिशेब तपासावा तशी. कलम एक. कलम दोन. कलम तीन. चौथ्यावर तिचं बोट थांबलं.

तिनं मोठ्यानं वाचलं, “‘वरीलप्रमाणे बाहेरील यंत्रणांना माहिती देण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची तोंडी संमती घेण्यात यावी.’”

तिनं मान वर केली.

“वरच्या हुकमात हे आहे?”

“नाही.”

“मग हे कोणी घातलं?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. समितीत पाच जण होतो. चार जण सही करून चहाला गेले होते. मसुदा मी एकट्यानं लिहिला होता, आणि ते कलम कोणी सांगितलं नव्हतं. हातानं आपोआप लिहिलं होतं.

“मी,” मी म्हणालो.

ती रागावली नाही. उठली, कोनाड्यातून बॉलपेन घेऊन आली, गुडघ्यावर कागद धरून कलम चारवर पट्टीनं मारावी अशी सरळ रेघ मारली आणि बाजूला सही करून तारीख घातली.

“खाडाखोड केली की सही करावी लागते ना जी,” म्हणाली आणि कागद माझ्या हातात दिला.

सोमवारी सकाळी मी तोच कागद शिपायाकडे दिला आणि तीनशे झेरॉक्स काढायला सांगितल्या. त्या डिव्हिजनच्या प्रत्येक स्टेशनला गेल्या. कलम चार कोणी का खोडलं, असं आजतागायत एकानंही विचारलेलं नाही. शेजारी कोणाची तरी सही आहे, तारीख आहे. एवढ्यावर आमच्याकडे काम होतं.